चांदीच्या दांड्यावरची माणसं

मराठी घरात चांदीचा चमचा पहिल्यांदा येतो तो बहुधा उष्टावणाला. मामा भाच्याला चांदीची वाटी आणि चमचा देतो, त्या चमच्यानं खिरीचा पहिला घास भरवला जातो आणि नंतर ती जोडी रुमालात गुंडाळून कपाटात जाते. तो चमचा सहसा साधा असतो. दांड्यावर एखादी वेल, मागे सराफाचा शिक्का, कधी बाळाचं नाव. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही मुलाला असाच चांदीचा चमचा मिळत असे. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी घेणारी वडीलधारी मंडळी तो देत. मात्र त्या चमच्याच्या दांड्याच्या टोकावर एक माणूस उभा असे. हातात किल्ली असेल तर सेंट पीटर, तिरपा क्रूस असेल तर सेंट अँड्र्यू, सुरी असेल तर बार्थोलोम्यू.

टोकावरचा तो माणूस पुढच्या चारशे वर्षांत अनेकदा बदलला. ख्रिस्ताच्या शिष्यांच्या जागी राजे आले, राष्ट्राध्यक्ष आले, कवी, दर्यावर्दी, सेनापती आले, क्वचित एखादी चळवळ चालवणारी बाईही आली. अशा जुन्या चांदीच्या स्मरणचमच्यांचा, म्हणजे इंग्रजीतल्या सुव्हेनिअर स्पूनचा, आणि ते गोळा करण्याच्या छंदाचा परिचय करून देण्यासाठी हे पुस्तक आहे. हा छंद युरोप-अमेरिकेत वाढला आणि त्याचं बहुतेक साहित्य तिथलंच आहे. मराठी वाचकाला त्यात रस का वाटावा, याचं माझं उत्तर असं: अशा पुष्कळ चमच्यांवर दोन माणसं भेटतात. दर्शनी बाजूला इतिहासातलं नावाजलेलं माणूस असतं. मागच्या बाजूला, किंवा चमच्याच्या खोलगट वाटीत, तो विकत घेणाऱ्या किंवा भेट मिळालेल्या सामान्य माणसाचं नाव आणि तारीख कोरलेली असते. समाजानं कुणाला थोर मानलं हे पुतळ्यांवरूनही कळतं. पण पुतळा सरकार किंवा समिती उभारते, चमचा मात्र एका माणसानं आपल्या खिशातून पैसे काढून घेतलेला असतो. लोकांच्या मनातल्या इतिहासाचा इतका नेमका, तारखेसकट पुरावा फार थोड्या वस्तू देतात.

या परंपरेचं मूळ शिष्यचमच्यांमध्ये आहे. संपूर्ण संचात तेरा चमचे असत. बारा शिष्यांचे बारा आणि तेरावा स्वतः ख्रिस्ताचा. तेराचा संच देणं श्रीमंतांनाच परवडे. बेताच्या ऐपतीचे लोक चार देत, बाकीचे एक, आणि तो बहुधा मुलाच्या नावाच्या संताचा. या पद्धतीचा उल्लेख शेक्सपिअरच्या ‘आठवा हेन्री’ नाटकात येतो. लहानग्या एलिझाबेथच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिची जबाबदारी घ्यायला आर्चबिशप क्रॅनमर आढेवेढे घेतो, तेव्हा राजा त्याला चमच्यांचा खर्च वाचवतोस की काय म्हणून चिडवतो. म्हणजे त्या काळच्या लंडनमधल्या प्रेक्षकाला हा संदर्भ समजावून सांगावा लागत नव्हता. ब्रिटिश म्युझियममध्ये १५३६-३७ चा एक पूर्ण संच आहे, ‘अ‍ॅस्टर संच’ या नावानं ओळखला जाणारा. त्यातल्या तेराव्या चमच्यावर ख्रिस्ताऐवजी कुमारी मेरी आहे.

हे चमचे हातात घेतले की चांदीकाराची विचारपद्धती दिसते. दांडा सहसा षट्कोनी, वाटी अंजिराच्या आकाराची, आणि लंडनचा बिबट्याच्या तोंडाचा शिक्का थेट वाटीत मारलेला. टोकावरची मूर्ती वेगळी ओतून मग डाकानं जोडलेली. दोन-अडीच सेंटिमीटर उंचीच्या मूर्तीत चेहऱ्यावरून माणूस ओळखू येणं अशक्यच. म्हणून ओळख हातातल्या खुणेवर सोपवलेली असते, जसं आपण गदेवरून मारुती आणि वीणेवरून नारद ओळखतो. पुढे एकोणिसाव्या शतकातला कारागीर वॉशिंग्टनचा किंवा कोलंबसचा चमचा घडवू लागला, तेव्हाही त्यानं हीच युक्ती वापरली.

सतराव्या शतकाच्या मध्यावर ही चाल मावळली. संतांच्या मूर्तींना प्युरिटन मंडळींचा विरोध होता आणि यादवी युद्धात चांदी वितळून नाणी पाडली जात होती. याच काळात इंग्लंडच्या राजचिन्हांची वाताहत झाली. १६४९ मध्ये राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर मुकुटासह जवळजवळ सगळं मोडीत गेलं. बाराव्या शतकातला एक चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला चमचा तेवढा वाचला, कारण तो क्लेमंट किनर्सली या माणसानं सोळा शिलिंगांना विकत घेतला होता. राजेशाही परतल्यावर त्यानं तो दुसऱ्या चार्ल्सला परत केला. राज्याभिषेकात राजाला तेल लावण्यासाठी लागणारा तो चमचा आजही वापरात आहे, आणि विसाव्या शतकातल्या प्रत्येक राज्याभिषेकाच्या वेळी त्याच्या लहान प्रतिकृती मोठ्या संख्येनं विकल्या गेल्या. वाटीचे दोन भाग पाडणारी उभी कड दिसली की ती प्रतिकृती लगेच ओळखता येते.

मधल्या दोनशेहून अधिक वर्षांबद्दल थोडक्यात सांगितलं तरी चालेल. मृत माणसाच्या स्मरणार्थ चमचे वाटण्याची डच चाल न्यूयॉर्कच्या वसाहतीत काही काळ टिकली. युरोपात आगगाडी आल्यावर प्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला आणि स्वित्झर्लंड, जर्मनी, हॉलंडमधल्या दुकानांत गावाची खूण असलेले चमचे दिसू लागले. बर्नचं अस्वल, हॉलंडची पवनचक्की, धनुष्यधारी विल्यम टेल. त्यातला टेल दंतकथेतला, पण स्विस लोकांच्या दृष्टीनं इतिहासातलाच. पुढे जे घडलं त्याची बीजं इथे पडली, कारण अमेरिकी प्रवासी हे चमचे घरी नेऊ लागले होते.

मग १८८९ साल आलं. जॉर्ज वॉशिंग्टननं राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्याला शंभर वर्षं झाली होती. त्या निमित्तानं वॉशिंग्टन शहरातल्या गॉल्ट ब्रदर्स या जवाहिऱ्यांनी दांड्याच्या टोकावर त्याचा एका बाजूनं दिसणारा चेहरा असलेला चमचा काढला. काही महिन्यांत मार्था वॉशिंग्टनचा चमचा आला. अमेरिकेतल्या या लाटेची सुरुवात इथून धरली जाते. या पेढीशी नातं असलेली आणखी एक गोष्ट वाचकांना आवडेल. तिच्या मालकाची विधवा ईडिथ गॉल्ट हिनं १९१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनशी लग्न केलं. पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा चमचा विकणारं घर असं अठ्ठाविसाव्या राष्ट्राध्यक्षाच्या घराशी जोडलं गेलं.

लाट उसळली ती मात्र मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावातून. तिथला जवाहिरा डॅनियल लो जर्मनीतून परतताना असे चमचे पाहून आला. त्याच्या मुलानं, सेथ लोनं, गावासाठी चमचा रेखला. झाडू घेतलेली चेटकीण, तीन टाचण्या आणि गावाचं नाव. सेलममध्ये १६९२ च्या चेटूक-खटल्यांत १९ निरपराध माणसांना फाशी दिलं गेलं आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं गेलं. त्या टाचण्यांचा उगमही खटल्यांतच आहे, चेटकिणी टाचण्या टोचून छळतात असे आरोप तेव्हा झाले होते. दोनशे वर्षांनी त्याच गावानं ती दुःखद गोष्ट विक्रीला ठेवली आणि चमचा हजारोंनी खपला. मला हा चमचा संग्रहातला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. त्यावर खरी माणसं नाहीत. फाशी गेलेल्या रेबेका नर्सचा चेहरा त्यावर नाही, तिच्यावर लादलेल्या आरोपाचं चित्र आहे. ऐतिहासिक व्यक्तींच्या चमच्यांवरच्या पुस्तकात तो घ्यावा का, यावर मी पुष्कळ विचार केला. घेतला, कारण स्मरणाच्या नावाखाली विस्मरण कसं घडतं हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरी कोणतीच वस्तू दाखवत नाही.

१८९१ पर्यंत अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक मोठ्या गावाला आपला चमचा हवा झाला. त्याच वर्षी बोस्टनमध्ये जॉर्ज जेम्स या लेखकानं या चमच्यांची सचित्र जंत्री छापली. बोस्टनला पॉल रिव्हिअर मिळाला, आणि इथे विषयानं एक सुंदर वळण घेतलं, कारण १७७५ मध्ये इंग्रज फौज येत असल्याची खबर द्यायला रात्री घोडा दौडवणारा रिव्हिअर स्वतः चांदीकार होता आणि त्यानं घडवलेले चमचे आज संग्रहालयांत आहेत. त्याचा चेहरा चमच्यावर आला, तेव्हा चमचा मात्र हातानं घडवला जात नव्हता. पोलादी ठशावर आकृती उलटी कोरायची, चांदीची पट्टी त्यावर ठेवायची आणि वजनदार घण वरून पाडायचा, असं ते काम झालं होतं. एका कुशल ठसेकाराच्या काही आठवड्यांच्या मेहनतीतून हजारो चमचे निघत. प्रॉव्हिडन्सची गोरहॅम, काँकर्डची डर्गिन, न्यूबरीपोर्टची टाउल, टॉंटनची रीड अँड बार्टन, न्यूयॉर्कची टिफनी. या कारखान्यांच्या कौशल्यामुळेच नखाएवढ्या जागेतलं कपाळ, नाक आणि केसांची वळणं इतकी स्वच्छ उतरली.

या लाटेचं दुसरं कारण चांदीच्या भावात आहे, आणि इथे ही गोष्ट अचानक मुंबईपर्यंत येते. नेवाडातल्या कॉमस्टॉकच्या खाणींपासून अमेरिकेत चांदीचा पूर आला होता. शिवाय जर्मनीसारख्या देशांनी चलनासाठी सोनं धरल्यानं चांदीला मागणी कमी झाली होती. १८७० च्या आसपास औंसाला सव्वा डॉलरच्या वर असलेला भाव १८९४ पर्यंत निम्म्यावर आला. जो धातू आजीच्या काळी फक्त श्रीमंतांच्या टेबलावर दिसे, तो शिक्षिकेला आणि कारकुनालाही परवडू लागला. या घसरणीनं चांदीच्या रुपयावर चालणारा हिंदुस्थान मात्र बेजार झाला. २६ जून १८९३ रोजी सरकारनं मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत लोकांनी चांदी आणून रुपये पाडून घेण्याची मुभा बंद केली. त्याच महिन्यात शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कोलंबसाच्या चेहऱ्याचे चमचे ढिगांनी विकले जात होते. एकाच धातूच्या घसरणीनं तिकडे छंद फुलला आणि इकडे चलनाची घडी मोडली. संग्राहकांच्या इंग्रजी पुस्तकांत हा दुवा सहसा सापडत नाही. मराठी पुस्तकात तो असायला हवा.

शिकागोच्या प्रदर्शनाला सुमारे पावणेतीन कोटी लोकांनी हजेरी लावली. स्मरणचमच्यांच्या इतिहासातला तो कळस. कोलंबस आणि राणी इसाबेला तर होतेच, पण प्रदर्शनाच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा बर्था पामर यांचाही चमचा निघाला. हयात असलेल्या स्त्रीचा चेहरा, तोही राणीचा नव्हे, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या संस्था तेव्हा किती बळकट झाल्या होत्या हे मराठी वाचकांना पंडिता रमाबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांचं अमेरिकेच्या लोकस्थितीवरचं पुस्तक १८८९ चंच, म्हणजे गॉल्टच्या चमच्याच्या वर्षीचं. चमचे विकत घेणाऱ्यांत, भेट देणाऱ्यांत आणि चहाच्या टेबलावर ते मांडून त्यांच्याबद्दल बोलणाऱ्यांत स्त्रिया पुढे होत्या. स्त्री-मताधिकारासाठी आयुष्य वेचणाऱ्या सुझन बी. अँथनीचा चमचाही याच वातावरणात निघाला. ख्रिश्चन सायन्स पंथाची संस्थापक मेरी बेकर एडी हिचा चमचा तर पंथाच्या नियतकालिकातून अनुयायांना घ्यायला सांगितला गेला. साधा तीन डॉलरला, मुलाम्याचा पाच डॉलरला. मार्क ट्वेननं त्यावर कडक टीका केली. श्रद्धा, प्रसिद्धी आणि व्यापार यांची सांगड आपल्याला नवी नाही, पण चमच्यावर ती इतकी उघड क्वचितच दिसते.

कुणाचे चेहरे आले हे पाहताना कुणाचे आले नाहीत, आणि कुणाचे कसे आले, हेही पाहिलं पाहिजे. मूळ अमेरिकी लोकांची डोकी, पिसांचे मुकुट आणि पूर्णाकृती हजारो चमच्यांवर आहेत. त्यातली बहुसंख्य बिननावाची. पोकाहाँटससारखे अपवाद थोडे. कोलंबसाला नाव आहे, त्याच्यासमोर उभे असलेल्यांना नाव नाही. दक्षिणेकडच्या काही शहरांच्या चमच्यांवर कृष्णवर्णीय माणसांची हिणकस व्यंगचित्रं आहेत. काही संग्राहक ती नजरेआड ठेवतात, काही विक्रेते त्यांना मुद्दाम जास्त किंमत लावतात. माझ्या मते ती संग्रहात असावीत आणि त्यांच्याखाली ती काय आहेत हे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असावं. १ मे १८९८ ला मनिलाच्या उपसागरात स्पेनचं आरमार बुडवणाऱ्या अ‍ॅडमिरल ड्यूईचे चमचे काही आठवड्यांत बाजारात आले. युद्धाचा उन्माद किती वेगानं चांदीत उतरू शकतो, याचं ते उदाहरण. फिलिपिन्समधल्या लोकांचं पुढे काय झालं, हे त्या चमच्यांवरून कळत नाही.

इंग्लंडमधली परंपरा याच्यापेक्षा शांत आहे. स्ट्रॅटफर्डचा शेक्सपिअर आणि स्कॉटलंडचा रॉबर्ट बर्न्स कायम खपले, पण खरं राज्य राजघराण्याचं. १८८७ आणि १८९७ च्या व्हिक्टोरियाच्या महोत्सवांपासून प्रत्येक राज्याभिषेकाचे चमचे निघाले आणि त्यातले काही चुकीच्या तारखेमुळे मोलाचे झाले. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. ऐन वेळी त्याच्यावर आंत्रपुच्छाच्या विकारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि समारंभ ९ ऑगस्टला झाला. जून महिन्याची तारीख असलेल्या वस्तू तोवर घरोघरी पोचल्या होत्या. आठव्या एडवर्डची कथा आणखी विलक्षण. १२ मे १९३७ च्या त्याच्या राज्याभिषेकाचे चमचे तयार झाले आणि डिसेंबर १९३६ मध्ये त्यानं राज्यत्याग केला. त्याच तारखेला त्याच्या भावाचा राज्याभिषेक झाला. म्हणून १९३७ च्या चमच्यावर आधी चेहरा पाहायचा, मग तारीख.

हिंदुस्थानात ऐतिहासिक व्यक्ती चमच्यावर आली ती बहुतांशी नाण्याच्या रूपानं. व्हिक्टोरियाचा रुपया वाटीत किंवा टोकावर बसवायचा आणि त्याला पीळदार दांडा जोडायचा, असे चमचे साहेबलोकांसाठी देशभर होत. म्हणजे चेहरा टांकसाळीनं घडवलेला आणि बाकीचं काम सोनाराचं. रुपया ११.६६ ग्रॅमचा, बरोबर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा, त्यामुळे रुपयेच वितळवून चांदीचं सामान घडवण्याचीही सर्रास पद्धत होती. कच्छची वेलबुट्टी, मद्रासची देवमूर्तींनी भरलेली ‘स्वामी’ शैली आणि पुण्याचं खोल उठावाचं काम यांच्यावर विद्या देहेजिया यांनी २००८ मध्ये केलेलं काम महत्त्वाचं आहे. इंग्रज गिऱ्हाइकासाठी केलेल्या या वस्तूंत चमच्यांच्या टोकावर देव आढळतात. आपले वीरपुरुष मात्र जवळजवळ नाहीतच.

याचं कारण मला केवळ बाजारात दिसत नाही. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं निघालेल्या पुण्याच्या चित्रशाळा छापखान्यानं आणि १८९४ च्या रविवर्मा छापखान्यानं देव आणि पुराणपुरुष घराघराच्या भिंतीवर पोचवले. १८९५ पासून टिळकांनी रायगडच्या समाधीसाठी वर्गणी गोळा केली. म्हणजे थोर पुरुषांची आठवण जागी ठेवण्याची ओढ आपल्याकडेही त्याच दशकात तीव्र झाली. पण पूज्य माणसाचं चित्र उष्ट्या होणाऱ्या वस्तूवर घालायला आपलं मन धजत नाही. देवघरातल्या पळीच्या दांड्यावर नाग चालतो, कारण ती पळी तोंडाला लागत नाही. म्हणून हा छंद आपल्या अंगणातला नाही, हे मान्य करूनच मी तो मराठी वाचकांपुढे मांडतो आहे. दुसऱ्या समाजानं आपल्या पूर्वजांशी किती सलगी केली, त्यांना चहाच्या कपात कसं बुडवलं, हे पाहताना आपल्या आदराच्या रीतीही अधिक स्पष्ट दिसतात.

संग्राहकांत काही ठळक पंथ आहेत. एक पंथ व्यक्तीचा. फक्त लिंकन, फक्त कोलंबस, फक्त शेक्सपिअर, पण त्या माणसाचं प्रत्येक रूप. दुसरा पंथ निर्मात्यांचा. त्यांना दांड्यावर कोण आहे यापेक्षा मागे कुणाचा शिक्का आहे यात रस. गोरहॅमचे सिंह, नांगर आणि जी हे अक्षर, शिवाय १८६८ पासून प्रत्येक वर्षासाठी वेगळी खूण, यामुळे त्यांच्या मालाचं नेमकं वर्ष काढता येतं. काहीजण प्रदर्शनं धरून गोळा करतात. शिकागो, मग १९०४ चं सेंट लुई, १९०७ चं जेम्सटाउन. पूर्णाकृती मूर्तीचे चमचे गोळा करणारे आणि मीनाकामावर जीव टाकणारे त्याखेरीज. १९६० च्या दशकात अँटन हार्डट यांनी जुन्या जंत्र्या पुन्हा छापल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस डोरोथी रेनवॉटर व डॉना फेल्गर यांचं अमेरिकी चमच्यांवरचं पुस्तक आलं, तेव्हापासून या छंदाला अभ्यासाचं रूप आलं.

मी यांतल्या कोणत्याच पंथाचा पूर्ण नाही. माझा आग्रह मागच्या बाजूचा आहे. बाजारात कोरीव नाव असलेल्या चमच्याला बहुतेकदा कमी भाव येतो, कारण गिऱ्हाइकाला ‘स्वच्छ’ माल हवा असतो. काही दुकानदार ती नावं घासून काढतात. ही मला मोठी हानी वाटते. वॉशिंग्टनचा ठसा हजारोंवर उमटला, पण ‘आईकडून, नाताळ १८९२’ अशी ओळ असलेला चमचा जगात एकच असतो. नाव, तारीख आणि गाव मिळालं, तर जनगणनेच्या जुन्या नोंदींतून ते घर शोधता येतं, त्या घरात कोण होतं, काय काम करत होतं, हे कळतं. मग वॉशिंग्टन कुणाच्या साखरेत फिरत होता याचा पत्ता लागतो.

नव्या माणसानं धातू ओळखायला आधी शिकावं. शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी असेल तर ती स्टर्लिंग. अमेरिकी चमच्यावर हा शब्द पूर्ण लिहिलेला असतो, आणि असे शिक्के खरेच असावेत असा तिथला कायदा १९०६ चा. इंग्लंडमध्ये चालता सिंह स्टर्लिंगची खूण, बर्मिंगहॅमचा नांगर, वर्षाचं अक्षर वेगळं. जर्मनीत १८८८ पासून चंद्रकोर, मुकुट आणि बहुधा ८०० हा आकडा, फ्रान्समध्ये मिनर्व्हा देवीचं मस्तक. ई.पी.एन.एस. ही अक्षरं असतील तर तो फक्त विजेनं चढवलेला मुलामा. आणि आपल्या घरांत ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात त्यात तांबं, निकेल, जस्त असतं, चांदीचा अंशही नसतो. शिष्यचमच्यांच्या बाबतीत विशेष सावध राहावं लागतं. साध्या जुन्या चमच्याला नंतर मूर्ती जोडून तो विकण्याचा धंदा जुना आहे, आणि जर्मनीतल्या हानाउ शहरात एकोणिसाव्या शतकात जुन्या धाटणीचा माल जुन्यासारखे दिसणारे शिक्के मारून तयार होई. ठशानं घडवलेल्या अमेरिकी चमच्यांची ओतीव नक्कल असेल तर भिंगाखाली बारीक खड्डे आणि बोथट कडा दिसतात.

आपल्याकडे चांदी काळी पडली की रांगोळी किंवा चिंचेनं घासतात. या चमच्यांना तो हात लावू नये. खोबणीतला काळसर रंग पुष्कळदा कारखान्यातच मुद्दाम दिलेला असतो, त्यामुळेच चेहरा उठून दिसतो. चार-पाचदा कसून घासलं की लिंकनचं नाक जातं. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र यांच्यातल्या गंधकानं चांदी झपाट्यानं काळवंडते, म्हणून मऊ सुती कापड बरं. भारतात घडलेला शंभर वर्षांहून जुना कलाकुसरीचा चमचा १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याखाली येऊ शकतो आणि मग तो कोणाही खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला आजीची चांदी पाठवण्याआधी हे ध्यानात ठेवावं.

हे पुस्तक आत्ताच का, याचं कारण पुन्हा भावातच आहे. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेत हंट बंधूंच्या खरेदीनं चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली, तेव्हा असंख्य जुने चमचे भट्टीत गेले. २०२५ मध्ये तो उच्चांकही मागे पडला. वीस-पंचवीस ग्रॅमचा चमचा सराफाच्या काट्यावर फक्त वजन असतो. त्यावर कोण आहे, मागे काय लिहिलं आहे, हे काटा विचारत नाही. ज्या पिढीनं हे चमचे जपले ती पिढी जाते आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही असे चमचे शेजारच्या घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत दिसतात. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या नसत्या, तर आपल्या घरांचा केवढा इतिहास हरवला असता, हे आपल्याला कळतं. तीच नजर या चमच्यांकडे वळवावी, इतकीच अपेक्षा आहे.

पुस्तकाची रचना देशांनुसार किंवा वर्णानुक्रमे केलेली नाही. चेहरा चमच्यावर कोणत्या कारणानं आला, यानुसार ती आहे: धर्म, सत्ता, प्रवास, प्रदर्शन, युद्ध, चळवळ. त्यामुळे एकच व्यक्ती दोन-तीन ठिकाणी भेटेल. कोलंबस तर चार ठिकाणी. वॉशिंग्टन आणि व्हिक्टोरिया यांना मोठी जागा दिली आहे, कारण त्यांचे चमचे सर्वाधिक काळ आणि सर्वाधिक प्रकारांत निघाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले मुलाम्याचे, संचांनी विकले जाणारे चमचे वगळले आहेत. त्यांचा अभ्यास व्हायला हवा, पण त्यांची गोष्ट वेगळी आहे. किमती दिलेल्या नाहीत. त्या छापून होईपर्यंत शिळ्या होतात आणि वाचकाचं लक्ष चेहऱ्यावरून काट्याकडे नेतात. वजनं ग्रॅममध्ये आणि तोळ्यांत, दोन्हींत आहेत.

प्रत्येक चमच्याची दोन छायाचित्रं छापली आहेत, आणि मागची बाजू आधी. जवळ खरा चमचा असेल तर त्याच क्रमानं जावं. दहापटीचं भिंग घ्यावं, खिडकीशी उजेड आडवा पडेल असं बसावं, आणि शिक्का, निर्माता, कोरलेलं नाव, तारीख हे सगळं वहीत उतरवून घ्यावं. मगच चमचा सुलटा करून टोकावर कोण उभं आहे ते पाहावं.